एक वही, अनेक प्रश्नावल्या

मोठ्या कंपनीच्या पर्चेस खात्याकडून एक एक्सेल फाइल येते. त्यात शे-दीडशे प्रश्न असतात. वीज किती वापरली, पाणी किती, कामगारांत महिला किती, अपघात किती, ‘स्कोप 1’ किती, ‘स्कोप 2’ किती. मुदत आठवडाभराची. शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी किंवा चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना हे आता नवं राहिलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी ती फाइल अकाउंट्सच्या माणसाकडे जाते, हाताशी असतील ते आकडे तो भरतो, उरलेल्या रकान्यांत शून्य टाकतो आणि फाइल परत जाते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ग्राहकाची, दुसऱ्याच नमुन्यातली फाइल येऊन पडते.

या खटाटोपातून धंद्याला काही मिळतं का, असा प्रश्न आपल्याला पडला असेल तर तो रास्त आहे. मिळतं, आणि चांगलं मिळतं. फक्त सुरुवात प्रश्नावलीपासून न करता कारखान्यातल्या नोंदींपासून करावी लागते. सोयीसाठी आपण एका मध्यम फाउंड्रीचं उदाहरण धरू आणि एकेक पायरी चढत जाऊ. कोल्हापूर परिसरात फाउंड्र्या भरपूर आहेत आणि या विषयातल्या बहुतेक अडचणी तिथे एका छपराखाली पाहायला मिळतात. आपला कारखाना वेगळा असला तरी पायऱ्या त्याच.

शाश्वतता अहवाल म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत. कंपनीने नफातोट्याच्या हिशेबाबरोबरच ऊर्जा, पाणी, कचरा, कामगार आणि व्यवहारातली सचोटी यांचाही दरवर्षी दिलेला हिशेब.

पहिली पायरी: विचारणारा कोण आहे आणि कशासाठी विचारतोय, ते पाहा. आपल्याकडच्या प्रश्नांचं मूळ बहुधा सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमात असतं. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून ‘बीआरएसआर’ हा जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल द्यावाच लागतो. जुलै 2023 मध्ये सेबीने त्यातले नऊ विषय वेगळे काढून ‘बीआरएसआर कोअर’ हा गाभा ठरवला. त्यात हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा आणि कचरा आहे, कामगारांची सुरक्षितता आणि महिलांचा सहभाग आहे, तसाच पुरवठादारांशी व्यवहार कसा आहे हाही विषय आहे. या आकड्यांची त्रयस्थाकडून पडताळणी करून घ्यायची असते. ही सक्ती 2023-24 मध्ये पहिल्या 150 कंपन्यांपासून सुरू झाली आणि 2026-27 पर्यंत हजारही कंपन्यांना लागू व्हावी अशी आखणी आहे.

त्या हजार कंपन्यांत आपण नाही. मग आपल्याला का विचारतात? कारण मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असं सेबीने 2023 मध्ये म्हटलं. मात्र मार्च 2025 मध्ये सेबीने हा भाग बराच सैल केला. तो 2025-26 पासून ऐच्छिक झाला. शिवाय कंपनीच्या एकूण खरेदीत ज्याचा एकट्याचा वाटा 2 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तेवढेच पुरवठादार त्यात धरायचे असं ठरलं.

इथे एक छोटं गणित करून पाहा. वर्षाला 50,000 कोटींची खरेदी करणाऱ्या वाहन कंपनीसाठी 2 टक्के म्हणजे 1,000 कोटी रुपये. साठ कोटी उलाढालीची फाउंड्री त्या रेषेच्या खूप खाली राहते. पण तीच फाउंड्री 1,000 कोटींची खरेदी करणाऱ्या, बाजारात नोंदलेल्या सुट्या भागांच्या कंपनीला 25 कोटींचा माल देत असेल, तर तिचा वाटा अडीच टक्के होतो आणि ती नियमाच्या कक्षेत येऊ शकते. म्हणजे सगळ्यात मोठ्या ग्राहकापेक्षा मधल्या फळीतल्या ग्राहकाचे प्रश्न आपल्याला जास्त लागू असू शकतात. हे गणित फार थोडे कारखानदार करतात.

दुसरा विचारणारा परदेशातला. युरोपीय संघाचा ‘सीबॅम’ म्हणजे आयात मालामागे किती कार्बन सोडला गेला त्यावर सीमेवर लागणारा आकार. ऑक्टोबर 2023 पासून त्यात फक्त माहिती द्यायची होती. 1 जानेवारी 2026 पासून खरा टप्पा सुरू झाला. 2026 मधल्या आयातीसाठीची प्रमाणपत्रं युरोपातल्या आयातदाराने फेब्रुवारी 2027 पासून विकत घ्यायची आहेत. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज अशी सहा क्षेत्रं त्यात येतात.

सीबॅममध्ये आपण आहोत की नाही, हे ठरतं मालाच्या सीमाशुल्क क्रमांकावरून. नटबोल्ट 7318 खाली येतात, पाइप फिटिंग 7307 खाली, आणि हे दोन्ही यादीत आहेत. लोखंडी कास्टिंगचा 7325 हा क्रमांक मूळ यादीत नाही, वाहनांच्या सुट्या भागांचं 87 वं प्रकरणही नाही. पण डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद आणि ॲल्युमिनियमपासून बनणाऱ्या पुढच्या अनेक वस्तूंपर्यंत ही यादी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. म्हणून आज ‘आपल्याला लागू नाही’ असं उत्तर मिळालं, तरी कोणत्या तारखेला कोणता क्रमांक तपासला ते लिहून ठेवा. एका आयातदाराने वर्षभरात आणलेला असा सगळा माल 50 टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे, हेही त्याच कागदावर असू द्या.

युरोपातल्या मोठ्या कंपन्यांसाठीचा ‘सीएसआरडी’ हा अहवाल कायदा उलट्या दिशेने गेला. 2025 च्या एप्रिलमध्ये अनेक कंपन्यांची मुदत दोन वर्षांनी पुढे ढकलली गेली आणि डिसेंबरमध्ये 1000 हून जास्त कर्मचारी व 45 कोटी युरोहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरताच तो ठेवण्यावर सहमती झाली. जर्मनीतला आपला ग्राहक कदाचित आता त्याच्या बाहेर असेल.

या टप्प्यावर दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे आलेली प्रत्येक प्रश्नावली कायदा समजून घाबरणं. दुसरी जास्त महागात पडते: नियम सैल झाल्याची बातमी वाचून सुरू केलेली नोंद बंद करणं. मुदत पुढे गेली तरी ग्राहकाचं पर्चेस खातं विचारायचं थांबत नाही. त्यांच्या कंपनीने स्वतःची उद्दिष्टं जाहीर केलेली असतात आणि त्यांचा हिशेब पुरवठादारांच्या आकड्यांशिवाय पुरा होत नाही.

दुसरी पायरी: सीमा आखा. आकडे कोणत्या जागेचे, कोणत्या कामाचे आणि कोणत्या वर्षाचे, हे एका पानावर लिहा. भाड्याची शेड त्यात आहे का? मशिनिंग बाहेर जॉब वर्कला देत असाल तर ती वीज कुणाच्या खात्यावर? कँटीनचा गॅस, मालकाची गाडी, गोडाऊन? यांची उत्तरं काय असावीत यापेक्षा दरवर्षी एकच असावीत, हे महत्त्वाचं. एखाद्या वर्षी मशिनिंग शॉप धरलं आणि पुढच्या वर्षी वगळलं, तर बचत झाल्यासारखी दिसते आणि तपासणारा पहिल्याच बैठकीत ती पकडतो. तुलनेसाठी एक पायाभूत वर्षही निवडा. कारखाना नेहमीसारखा चाललेलं वर्ष असावं.

तिसरी पायरी म्हणजे वही. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वही म्हणजे साधी एक्सेल शीटही चालेल: महिन्याला एक ओळ, प्रत्येक गोष्टीला एक रकाना, आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी पुरावा कुठल्या फाइलमध्ये आहे त्याचा उल्लेख. महागडं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ नोंदच कच्ची असेल तर सॉफ्टवेअर तीच चूक नीटनेटक्या आलेखात दाखवतं.

वीजबिलापासून सुरू करा. महावितरणचं उच्चदाब बिल समोर घेतलं की त्यात युनिटांचे दोन आकडे दिसतात. केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेली वीज. केव्हीएएच म्हणजे काम न करता फिरणाऱ्या प्रवाहासकट आपण जाळ्यातून ओढलेली एकूण वीज. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर आकारणी होते, म्हणून बिलात ठळक दिसणारा आकडा तोच असतो आणि अकाउंट्सचा माणूस साहजिकच तोच उचलतो. कार्बनच्या हिशेबाला मात्र केडब्ल्यूएच लागतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, 0.95 असेल तर या एका गफलतीने आपलं उत्सर्जन पाच टक्क्यांनी जास्त दिसतं. त्याहून वाईट म्हणजे एका वर्षी हा आकडा आणि दुसऱ्या वर्षी तो.

सौर पॅनेल असतील तर आणखी एक काळजी घ्या. छतावर तयार होऊन तिथेच वापरली गेलेली वीज महावितरणच्या बिलावर येतच नाही. त्यासाठी सौर संचाच्या मीटरचं रीडिंग वेगळं ठेवायला हवं. एकूण वापर म्हणजे बाहेरून घेतलेली वीज, अधिक छतावर तयार झालेली, वजा परत पाठवलेली.

डिझेलच्या बाबतीत घोटाळा होतो तो खरेदी आणि वापर यांत. मार्चमध्ये टाकी भरली आणि वापर एप्रिलमध्ये झाला, तर वर्ष बदलतं. जनरेटर, फोर्कलिफ्ट आणि लॅडल तापवण्याचे बर्नर यांना किती दिलं, हे स्टोअरच्या इश्यू स्लिपवर लिहायची सवय लावा. पाण्याचं दुखणं वेगळं आहे: एमआयडीसीच्या नळाला मीटर असतो, बोअरला नसतो, टँकरचं बिल रोखीने दिलेलं असतं. बोअरला मीटर बसवायला फार खर्च येत नाही, आणि तो बसेपर्यंत लिहिलेला प्रत्येक आकडा अंदाजच असतो. तसं असेल तर शेजारी ‘अंदाज’ असं लिहा. अंदाज लिहिणं चूक नाही, तो मोजमाप म्हणून देणं चूक आहे.

कचऱ्याची माहिती आपल्याकडे आधीच असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला 30 सप्टेंबरपर्यंत दिलं जाणारं पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म 5, आणि घातक कचऱ्याचं 30 जूनपर्यंतचं वार्षिक विवरण, फॉर्म 4. वापरलेली वाळू, स्लॅग, जुनं तेल यांचे आकडे या कागदांत आहेत. नेमकी गडबड अशी होते की मंडळाकडचा कागद कन्सल्टंटने भरलेला असतो आणि ग्राहकाची प्रश्नावली अकाउंट्सने. दोन्हींत वाळूचा आकडा वेगळा. पडताळणीला आलेला माणूस आधी हेच दोन कागद शेजारी ठेवून पाहतो.

अपघातांच्या रकान्यात शून्य लिहिण्याचा मोह फार होतो. ‘एलटीआयएफआर’ म्हणजे कामाच्या दर दहा लाख तासांमागे, कामगाराला कामावरून दूर राहावं लागेल असे किती अपघात झाले ते प्रमाण. समजा 120 कामगार वर्षाला प्रत्येकी 2,400 तास काम करतात. एकूण तास 2,88,000. वर्षात असा एक अपघात झाला तर प्रमाण सुमारे 3.5 येतं. आकडा मोठा वाटतो म्हणून लपवू नका. ईएसआयसीकडे त्याची नोंद असते आणि हात भाजलेला माणूस शॉप फ्लोअरवर सगळ्यांना माहीत असतो. कंत्राटी कामगारांचे तास आणि अपघातही यात धरायचे आहेत. फेटलिंगचं, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याचं, काम बहुतेक ठिकाणी कंत्राटीच असतं आणि डोळ्यात कण जाण्याचे, बोटं दुखावण्याचे प्रकार तिथेच जास्त होतात. ती माणसं हिशेबातून गळणं मला आकड्यांच्या चुकीपेक्षा गंभीर वाटतं.

चौथी पायरी: युनिट आणि लिटर यांचं कार्बनमध्ये रूपांतर. स्कोप 1 म्हणजे आपल्याच कारखान्यात जळलेल्या इंधनाचं उत्सर्जन. स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचं. स्कोप 3 म्हणजे आपल्या आधी आणि नंतरच्या साखळीतलं: पिग आयर्न बनवताना, माल वाहून नेताना वगैरे. आपला स्कोप 1 आणि 2 हा ग्राहकाचा स्कोप 3 असतो, म्हणून तर तो विचारतो.

गुणाकार सोपा आहे. डिझेलच्या लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. देशाच्या वीजजाळ्यातल्या युनिटमागे साधारण 0.7 किलो, नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण वेळोवेळी जाहीर करतं. ज्या वर्षाचा हिशेब त्याच वर्षाचा गुणक घ्या आणि तो कुठून घेतला ते लिहा. परदेशी संकेतस्थळावरचा तयार कॅल्क्युलेटर वापरलात तर तो कदाचित ब्रिटनच्या किंवा युरोपच्या विजेचा गुणक लावेल. तो आपल्यापेक्षा बराच कमी असतो आणि आपलं उत्सर्जन उगाच लहान दिसतं.

आता आपली फाउंड्री घेऊ. समजा महिन्याला 500 टन धातू वितळतो. रनर-रायझर आणि रिजेक्शन वजा जाता 300 टन चांगलं कास्टिंग बाहेर पडतं. इंडक्शन भट्टी टनाला 600 युनिट घेते, म्हणजे 3,00,000 युनिट. कॉम्प्रेसर, सँड प्लांट आणि इतर मिळून आणखी 90,000. एकूण 3,90,000 युनिट. चांगल्या कास्टिंगच्या टनामागे 1,300 युनिट, म्हणजे विजेपोटी सुमारे 910 किलो कार्बन डायऑक्साइड.

टनामागचा हा आकडा जपून ठेवा. बीआरएसआरमध्ये उलाढालीच्या रुपयामागचं प्रमाणही विचारतात, तेही द्या, पण त्यावरून आपला कारखाना सुधारला की नाही ते ठरवू नका. पिग आयर्नचा भाव चढला की कास्टिंगचा दर चढतो, उलाढाल फुगते आणि रुपयामागचं उत्सर्जन आपोआप उतरतं. भट्टीपाशी काहीही बदललेलं नसतं. भाव पडले की उलटं होतं आणि चांगलं काम करूनही आपण वाईट दिसतो.

एकाच वहीतून वेगवेगळ्या विचारणाऱ्यांना वेगवेगळे काप द्यावे लागतात, हे इथे समजून घेतलेलं बरं. बीआरएसआरसाठी विजेचा आकडा मोठा ठरतो. सीबॅममध्ये लोखंड-पोलादाच्या मालासाठी सध्या विजेमागचं उत्सर्जन आकारणीत धरत नाहीत. धरतात ते थेट जळलेल्या इंधनाचं आणि विकत घेतलेल्या कच्च्या पोलादात आधीच दडलेलं. भंगाराचं उत्सर्जन शून्य धरतात, पिग आयर्नचं नाही. त्यामुळे नटबोल्टच्या कारखान्याने स्वतःची वीज कितीही काटेकोर मोजली तरी तार ज्या पोलाद कारखान्यातून आली त्याचा आकडा नसेल, तर युरोपातला आयातदार ठोक आकडा लावतो. तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. पोलादाच्या खरेदी ऑर्डरमध्येच ‘उत्सर्जनाची माहिती द्यावी’ ही अट घाला. माल येऊन गेल्यावर मागितलेली माहिती सहसा मिळत नाही. आणि हे करायला पुरवठादार बदलायची गरज नाही, हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या घाण्यातलं ते सांगणारा क्रमांक, जपला की काम होतं.

पाचवी पायरी पैशाची. वही तीन-चार महिने भरली की ती आपल्याशीच बोलू लागते. वरच्या फाउंड्रीत रिजेक्शन कमी होऊन त्याच 500 टन धातूतून 310 टन चांगलं कास्टिंग निघालं असं धरा. टनामागची वीज 1,300 वरून 1,258 युनिटांवर येते आणि उत्सर्जन 910 वरून सुमारे 880 किलोवर. 310 टनांवर ही बचत 13,000 युनिटांची. युनिटला नऊ रुपये धरले तर महिन्याला 1 लाख 17 हजार रुपये. त्यात वाळू, रेझिन, कोअर, मजुरी आणि ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं भाडं धरलेलंच नाही. कास्टिंगमधलं ब्लो होल ही आता क्वालिटी खात्याबरोबर कार्बनच्या हिशेबाचीही बाब झाली, आणि रिजेक्शन कमी करणं हा बहुतेक फाउंड्र्यांसाठी उत्सर्जन घटवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. सौर पॅनेलचा विचार त्याच्या नंतर करावा.

दाबाखालच्या हवेचंही असंच आहे. रविवारी कारखाना बंद असताना एक कॉम्प्रेसर चालू करून कान देऊन फिरा. सुस्कारे ऐकू येतील तिथे गळती आहे. सात बार दाबावर तीन मिलिमीटरच्या एका भोकातून जाणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसरला साडेतीन-चार किलोवॉट लागतात, आणि ते रात्रंदिवस. सांधे, होज, क्विक कपलिंग यांना साबणाचा फेस लावून पाहण्याचं काम एका मेंटेनन्स फिटरला महिन्यातून एकदा नेमून द्या.

पैशाची दुसरी वाट अशी आहे की जिच्याकडे पुरवठादार जवळजवळ पाहतच नाहीत. बीआरएसआर कोअरमध्ये मोठ्या कंपनीला स्वतःबद्दल एक आकडा द्यावा लागतो: पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी देतो. लहान उद्योगांकडून किती टक्के खरेदी करतो, हेही जाहीर करावं लागतं. हे अहवाल सर्वांना खुले असतात. आपल्या ग्राहकाचा अहवाल उघडा, हे दोन आकडे पाहा आणि आपल्या येण्यांच्या दिवसांशी ताडून बघा. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, असं एमएसएमई कायदा सांगतो. सरासरी 60 दिवस दाखवणाऱ्या कंपनीकडे आपले पैसे 110 दिवस अडकत असतील तर पुढच्या वेंडर मीटिंगला तो कागद सोबत न्या. आपली माहिती त्यांच्या अहवालासाठी दिली जाते, तर त्यांच्या अहवालातली माहिती आपल्या कामी का येऊ नये?

बँकेकडेही हीच वही चालते. ऊर्जाबचतीची यंत्रं घ्यायची असतील तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या, जुलै 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘अदिती’ योजनेत सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत आहे. अट अशी की निदान 10 टक्के ऊर्जाबचत दाखवता आली पाहिजे. आधीचा वापर महिनावार लिहिलेला नसेल तर बचत कशाशी ताडून दाखवणार? अनेक अर्ज इथेच अडखळतात.

सहावी पायरी: उत्तर देणं. प्रत्येक प्रश्नावलीला वेगळं उत्तर तयार करत बसू नका. वर्षातून एकदा, शक्यतो जूनपर्यंत, पाच-सहा पानांचं स्वतःचं निवेदन बनवा: सीमा, पायाभूत वर्ष, वीज, इंधन, पाणी, कचरा, कामगार, उत्सर्जन, वापरलेले गुणक आणि अंदाज कुठे आहेत त्याची यादी. काय-काय घालावं असा प्रश्न पडला तर युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये लहान उद्योगांसाठी शिफारस केलेला ‘व्हीएसएमई’ हा ऐच्छिक नमुना पाहा. तो आटोपशीर आहे. येणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये याच निवेदनातले आकडे भरा आणि निवेदन सोबत जोडा. जे मोजत नाही तिथे ‘मोजलेलं नाही, अमुक महिन्यापासून मोजणार’ असं लिहा. ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पर्चेस खात्यातला जाणता माणूस दुसरं उत्तर जास्त विश्वासाचं मानतो.

दावे मात्र जपून करा. कंपनीच्या पत्रिकेवर ‘हरित कास्टिंग’ किंवा ‘कार्बनमुक्त उत्पादन’ असं छापण्याची घाई नको. जाहिरातीतल्या अशा पोकळ पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘2024-25 च्या तुलनेत टनामागची वीज 3 टक्क्यांनी कमी’ हे वाक्य दिसायला साधं आहे, पण तपासता येतं.

ही माहिती भरण्याचं काम एकट्या अकाउंट्सवर टाकू नका. भट्टीचा सुपरवायझर, मेंटेनन्स, स्टोअर आणि मनुष्यबळ यांनी आपापला रकाना दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरावा, आणि मालकाने किंवा फॅक्टरी मॅनेजरने त्यांच्यासोबत बसून तो वाचावा. अर्धा तास पुरतो. टनामागची युनिटं मागच्या महिन्यापेक्षा का वाढली, या एका प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मात्र उठू नये. कधी ओलं भंगार निघतं, कधी लॅबचा रिपोर्ट उशिरा आल्याने वितळलेला धातू भट्टीत ताटकळत ठेवलेला असतो. भट्टीवरच्या माणसाला हे आधीपासून माहीत असतं, कुणी विचारलेलं नसतं.

सातवी पायरी नियम बदलतो तेव्हाची. नवं परिपत्रक आलं की वही बदलू नका. परिपत्रकातला प्रत्येक नवा प्रश्न घ्या आणि वहीतल्या कोणत्या रकान्यातून त्याचं उत्तर निघतं ते शेजारी लिहा. बहुतेक प्रश्न जुन्याच आकड्यांची नवी मांडणी मागतात. खरोखर नवा आकडा लागत असेल तरच रकाना वाढवा. आणि नियम सैल झाला म्हणून रकाना पुसू नका. आपल्या खर्चाशी त्याचा संबंध असेल तर तो आपल्यासाठी चालूच ठेवायचा.

शेवटी, जुना आकडा चुकल्याचं कधीतरी लक्षात येणारच. तो गुपचूप बदलू नका. वरच्या फाउंड्रीने वर्षभर केव्हीएएच धरून विजेचं उत्सर्जन 3,448 टन कळवलं होतं आणि केडब्ल्यूएच धरल्यावर ते 3,276 टन निघालं असं समजा. नव्या निवेदनात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा, खाली दोन ओळींत कारण द्या आणि जुना आकडा ज्यांना पाठवला होता त्या सगळ्या ग्राहकांना एकाच मजकुराचा मेल करा. मेलची प्रत त्या वर्षाच्या फाइलमध्ये, वीजबिलांच्या मागे लावून ठेवा.